भाताच्या वाडग्याला किती लाकूड लागतं

ओक-बुनला मेंग मान-बोकचं पहिलं दर्शन झालं ते मागच्या बाजूने, आणि तेही कमरेखालचं. बाकीचा मेंग चुलीत होता.

लग्न होऊन ती डोंगरातल्या सुत्गोल गावी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची ही गोष्ट. शेजारच्या तोफूवालीकडे ती चाळण मागायला गेली, तर स्वयंपाकघरात चार बायका एका माणसाचे दोन पाय धरून ओढत होत्या. तोफूवाली "हं" म्हणायची, बायका ओढायच्या, पाय वीतभर लांब झाल्यासारखे वाटायचे, पण माणूस काही येत नव्हता. नव्या नवरीने घाबरून तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात परसातल्या धुराड्यातून भरदार, खर्जातल्या आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण आलंय? पाऊल हलकं दिसतंय. हामांच्या घरची नवी सून का?" ओक-बुनने आयुष्यात पहिल्यांदाच एका धुराड्याला वाकून नमस्कार केला.

शेवटी तो बाहेर आला. त्याच्याबरोबर सात हिवाळ्यांची काजळी आली, एक वाळलेली चिचुंद्री आली, आणि एक पितळी चमचाही आला. हा चमचा सुनेने माहेरी पोचवला, असं तोफूवालीची सासू मरेपर्यंत म्हणत होती. मग मेंग शिंकला. त्या शिंकेने गावातल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या असं लोक सांगतात. कोंबड्यांचं ओक-बुनला ठाऊक नाही. पण डोंगरापलीकडच्या मठातल्या भिक्षूने दचकून अवेळी घंटा वाजवली, ती तिने स्वतःच्या कानांनी ऐकली. एवढा थोरला देह चुलीच्या एवढ्याशा तोंडातून आत गेला कसा, हे कोडं मात्र गावाला कधीच सुटलं नाही. मेंग स्वतः म्हणायचा की पोट आत सोडलं की माणूस मागोमाग जातोच.

तो गवंडी होता, पण भिंतींचा नव्हे, जमिनींचा. चुलीचा धूर सरळ आभाळात जाऊ देणं म्हणजे सुत्गोलमध्ये निव्वळ उधळपट्टी. तो झोपायच्या खोलीखाली शिरला पाहिजे, दगडी फरश्यांखालच्या वाटांनी हिंडला पाहिजे, फरश्या तापवल्या पाहिजेत, आणि अंगातली सगळी ऊब देऊन झाल्यावर लग्न लावून दिलेल्या बापासारखा रिकाम्या हातांनी मागच्या धुराड्यातून बाहेर पडला पाहिजे. जेवायचं जमिनीवर, झोपायचं जमिनीवर, रुसायचं तेही जमिनीवरच. जमीन गार पडली की संसाराला पडसं झालंच.

बाकीचे गवंडी खोलीची लांबी-रुंदी मोजत. मेंग आधी माणसं मोजायचा. दहिवर पडलेल्या सकाळी तो घरासमोरच्या वाटेवर उभा राहून नुसता छपराकडे बघे. जिथला पांढरा थर आधी विरला तिथून ऊब पळते, हे त्याचं पहिलं टिपण. मग कोंबडीचं पीस हातात घेऊन तो कागदी दारांच्या फटींपाशी फिरे, आणि पीस थरथरलं की "इथून तुमचं लाकूड चाललंय बाहेर" असं यजमानाला सांगे. मग खोलीत चार ठिकाणी पाठ टेकून, डोळे मिटून पडे. त्या वेळी घरात कुणी खोकायचं नाही. कधीकधी तो खरोखरच घोरायला लागे. घोरणं कुठे जोरात आणि कुठे हळू यावरूनही त्याला काही कळत असे म्हणतात. आणि मग चौकशी. कोण कुणाशेजारी झोपतं, रात्री बाहेर जायला कोण उठतं, कुणाचं नाक गार असतं. नवरा-बायकोत अबोला असेल तर रोज संध्याकाळी एक मोळी जास्त धरायची. भांडणं होत असतील तर एक कमी. तोफूवालीच्या सासूला त्याने तोंडावर सांगितलं होतं, "आजी, तुम्ही आहात तोवर या घराला अर्धं लाकूड पुरेल."

एवढं झालं की तो गढूळ तांदळाच्या दारूचा एक वाडगा रिचवी आणि अंदाज सांगे. इतक्या जाडीच्या फरश्या, इतकी खोल वाट, संध्याकाळी इतकं लाकूड, पहाटे इतकं. पहाटे जमिनीला हात लावला तर ती नुकत्याच घातलेल्या अंड्याइतकी उबदार लागली पाहिजे. आणि ती तशीच लागायची. ओक-बुनने सुत्गोलमधल्या घराघरात पहाटे पाणी मागायच्या निमित्ताने जाऊन जमिनीला हात लावून पाहिला होता. प्रत्येक वेळी तिच्या अंगावर काटा आला होता. डोळे मिटून पडलेल्या या धुडाला दोन महिन्यांनंतरच्या थंडीतली पहाट आधीच कशी लागते, याचा ती भाकरीसारखा उलटासुलटा विचार करी आणि शेवटी हात जोडी.

पण मेंगचं घोडं एकदाच पेंड खायला बसलं, आणि ते नेमकं तिच्याच घरी.

तिचा नवरा सक-गु लग्नानंतर वर्षभरात जर्मनीला गेला, तिथल्या कोळशाच्या खाणीत काम करायला. करार तीन वर्षांचा. एसटीपाशी, म्हणजे तिथल्या लाल मातीने माखलेल्या बसपाशी, त्याने ओक-बुनला एकच गोष्ट सांगितली. "आईला सांभाळ. मी येईपर्यंत ती असू दे." बाकी जे सांगायचं होतं ते बसच्या आवाजात गेलं.

आई म्हणजे युंगोल-आजी. माहेर युंगोलचं, म्हणून गावभर तेच नाव. अंगाने काडी, पण हट्टाने वडाचं खोड. मुलगा गेला त्या दिवसापासून तिने एक नेम धरला. खोलीतली चुलीकडची बाजू म्हणजे सगळ्यांत उबेची, मानाची. घरातल्या कर्त्याची किंवा पाहुण्याची. तिथे ती रोज संध्याकाळी सक-गुच्या नावाने भाताचा वाडगा भरून, झाकण घालून, गोधडीत गुंडाळून ठेवी. घरचं माणूस बाहेरगावी असलं की सुत्गोलमध्ये बऱ्याच घरी वाडगा ठेवतात. जिथे असेल तिथे त्याला गरम जेवण मिळतं म्हणतात. पण बाकीच्या घरी वाडगा कोपऱ्यात असतो आणि माणसं उबेत झोपतात. युंगोल-आजीने अख्खी उबेची बाजू वाडग्याला दिली आणि स्वतः पथारी टाकली पलीकडच्या टोकाला, जिथे हिवाळ्यात पाण्याच्या भांड्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. मुलाच्या जागेवर आई कशी झोपेल, हा तिचा सवाल. सूनही तिच्याजवळच कुडकुडत झोपे. सासू गारठ्यात आणि सून उबेत, असं पाप ओक-बुनच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. म्हणजे दोन बायका थंडीत आणि एक वाडगा राजासारखा मऊ गोधडीत.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात आजीचा खोकला छातीत उतरला. बाजारपेठेतल्या वैद्याने नाडी धरली, मान हलवली आणि ओक-बुनला बाहेर बोलावून सांगितलं की आणखी एक हिवाळा त्या जमिनीवर काढला तर म्हातारीला वसंत दिसणार नाही. आणि सक-गु यायला अजून तो एक हिवाळा उरला होता. लाकूड जास्त जाळावं तर तेही जमेना. डोंगरावर झाड तोडायला बंदी. पडलेल्या काटक्या आणि पाइनची वाळलेली पानं, एवढंच गोळा करता यायचं, आणि तेही जंगलखात्याच्या माणसाची पाठ असेल तेव्हा. आहे त्याच लाकडात ऊब पलीकडच्या टोकाला न्यायला हवी होती.

पिकं निघाली तशी ओक-बुन मेंगकडे गेली. सगळं ऐकून तो म्हणाला, "सूनबाई, सोपं आहे. आजी उबेकडे येत नाही ना, मग ऊब आजीकडे नेऊ. तिला कळणारही नाही."

मग दोघांनी मिळून आजीला सांगितलं की धुराच्या वाटा तुंबल्या आहेत, खोलीतल्या फरश्या उकलाव्या लागतील. आजी अंगणात ओट्यावर बसून देखरेख करू लागली आणि दर थोड्या वेळाने मेंगच्या पोटाबद्दल काहीबाही विचारू लागली. मेंगने आत आपला खेळ मांडला. चुलीकडच्या फरश्या जाड घातल्या, वर मातीचा भरभक्कम थर दिला, खालची वाट खोल नेली. जाळ तिथे थांबूच नये, सरळ पलीकडे धावावा. पलीकडे फरश्या पातळ, वाट उथळ. चुलीजवळचं टोक गार, लांबचं टोक गरम. असली उलटी गंगा सुत्गोलमध्ये कुणी कधी पाहिली नव्हती. त्याने अंदाज सांगितला, "पूर्वी जाळत होता तेवढंच लाकूड. माणसं दोन. एक म्हातारी, एक तरणी. पहाटेपर्यंत पुरून उरेल."

पहिल्या थंड संध्याकाळी जाळ घातला. थोड्या वेळाने ओक-बुनने आजीच्या पथारीखाली हात सरकवला. दगड जिवंत झाला होता. वाडग्याच्या बाजूची जमीन मात्र थंडगार. मेंगने वाऱ्याला उलटं वाहायला शिकवलं होतं जणू. त्या रात्री ओक-बुन पहिल्यांदा पाय लांब करून झोपली.

पहाटे उठून पाहते तर सासू जागेवर नाही. आजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, चुलीजवळच्या त्या गार दगडावर अंगाचं मुटकुळं करून झोपली होती, आणि तिच्या जुन्या जागेवर, उबेत, गोधडी पांघरून सक-गुचा वाडगा ऐसपैस बसला होता.

झालं होतं असं. झोपण्यापूर्वी आजीने नेहमीसारखा वाडग्याला हात लावला, तर भात गार. तिने घाबरून जमीन चाचपली. जमिनीच्या उबेबाबत सुत्गोलच्या म्हातारीला फसवणं म्हणजे मांजरापासून मासा लपवणं. क्षणात तिला ऊब कुठे गेली ते सापडलं. मग तिने वाडगा तिकडे नेला, आणि वाडगा आल्यावर ती जागा तिची उरली नाही. ती गार टोकाला आली. मेंगने खोली उलटी केली, आजीने स्वतःला उलटं केलं, आणि हिशेब होता तिथेच आला. फक्त आता ती दाराच्या आणखी जवळ होती, आणि खोकला वाढला.

मेंगला निरोप गेला. तो आला, दारात उभा राहिला, आजीची पथारी कुठे आहे ते पाहिलं आणि ओक-बुनला वाटलं होतं तसा हसला नाही. चुलीपाशी जाऊन बसला, दारूही मागितली नाही. असला मेंग तिने पाहिलाच नव्हता. शेवटी म्हणाला की चूक झाली, खोलीची नाही, माणसांची. घरात तीन माणसं आहेत, आपण दोनच धरली.

मग तो खोलीत गेला, आजीशेजारी जमिनीवर आडवा झाला. दोघंही छताकडे बघत होती. एक डोंगर आणि एक काटकी. ओक-बुन दाराबाहेर उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

मेंगने विचारलं, "आजी, सक-गुला किती ऊब लागते?"

"त्याला?" आजी खोकली. "त्याला कधी थंडी वाजली आहे? लहानपणी गोधडी लाथेने उडवून द्यायचा. भात तेवढा गरम लागतो. झाकण काढलं की वाफ आली पाहिजे. नाहीतर तोंड फिरवून बसतो."

"म्हणजे वाडग्यापुरती."

"वाडग्यापुरतीच. बाकी काही नको त्याला."

"आणि तुम्हाला?"

आजीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्या घरात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, मुलाने नाही, आणि सासूने तर नाहीच नाही. ओक-बुनला आठवलं, आपणही विचारला नव्हता. आपण नुसतं ठरवलं होतं.

"मला काय, म्हातारीला," आजी म्हणाली.

"म्हातारीसाठी विचारत नाही हो. दगडाला सांगायचंय. त्याला आकडा लागतो."

आजीने पांघरुणातून आपली पावलं बाहेर काढली. सुकलेल्या आल्याच्या गड्ड्यांसारखी दोन पावलं. ती पाहून मेंगने तोंड फिरवलं. "पाय," ती म्हणाली. "पायांना लागते. बाकी मी बघेन."

दुसऱ्या दिवशी त्याने खोली पुन्हा उकलली, तीही भर थंडीत. ओली माती जाळावर वाळवत, घरात धूर, डोळ्यांत पाणी, सासू-सून तोफूवालीकडे वस्तीला. तोफूवाली दोघींना खाऊ घालताना दर जेवणाला म्हणे की मेंगने पोट थोडं आत ठेवून विचार केला असता तर एका खेपेतच झालं असतं. मेंगचं तिकडे लक्षच नव्हतं. तो चुलीत होता, जमिनीखाली होता, धुराड्यात होता. नदीपात्रातून त्याने एक दगड निवडून आणला, वाडग्याच्या बुडाइतकाच, गोल, काळा, आणि सगळ्यांत आधी तो बसवला. चुलीच्या तोंडापाशी त्याने जाळाची वाट दुभंगली. एक बारीक फाटा, केसाएवढा म्हणावा इतका, त्या काळ्या दगडाखालून जायचा. दुसरा मोठा, पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन वळून परत येणारा, पण वळणावर, नेमका पथारीच्या पायथ्याशी, रेंगाळणारा. तिथे त्याने खाली खड्डा केला, जाळ घटकाभर बसून श्वास घेईल असा. अंदाज सांगितला, "पूर्वीएवढंच लाकूड, आणि पहाटे मूठभर पाइनची पानं जास्त. ती पानं वाडग्याची."

सगळ्यांत कडाक्याच्या थंडीची ती पहाट ओक-बुन विसरणं शक्य नाही. दाराची कडी बोटांना चिकटत होती. नदीवर बर्फ तडकल्याचा आवाज डोंगराडोंगरांतून फिरत होता. स्वयंपाकघरात जाऊन तिने मूठभर पानं चुलीत टाकली, भुर्र करून जाळ आत ओढला गेला, आणि ती कानोसा घेत राहिली. आपल्या पायाखाली, दगडांच्या पोटात, ती इवलीशी आग दोन वाटांनी चालत जात आहे, एक मुलाकडे, एक आईकडे, हे तिला दिसत असल्यासारखं कळत होतं.

ती खोलीत आली. आजी पाठीवर झोपली होती. पाय सरळ लांब सोडलेले, पांघरुणाबाहेर निघालेले, पावलं उघडी, आणि त्यांना घाम. हो, घाम. पावलांवर बारीक दव जमलं होतं. ओक-बुनने आजवर सासूला झोपेत पाय लांब केलेलं पाहिलं नव्हतं. ती मुटकुळ्यापेक्षा कितीतरी उंच बाई निघाली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गोधडीत वाडगा होता. तिने झाकण काढलं. झाकणाच्या आतून थेंब टपकला, भातातून वाफ आली, आणि भोवतीची जमीन, वीतभर अंतरावर, बर्फासारखी थंड होती. ऊब वाडग्याच्या कडेवर येऊन थांबली होती, कुणी रेघ ओढल्यासारखी.

ती तिथेच गुडघे टेकून बसली. देवळात बसते तशी. बाहेर छपराकडे बघत वाटेवर एक मोठी काळी आकृती उभी होती. आज छपरावरचा पांढरा थर कुठेच विरला नव्हता. आकृतीने समाधानाने मान हलवली आणि ती बर्फातून फतफत करत न्याहारी शोधायला तोफूवालीच्या दिशेने निघाली.

युंगोल-आजी त्या हिवाळ्यातून तरली. वसंतात जंगली भाजी खुडायला स्वतः डोंगरावर गेली आणि परत येताना मेंगला वाटेत गाठून तिने त्याला सांगितलं की दगड जरा कमीच तापतो. मेंग म्हणाला, बरोबर आहे आजी, भांडणं वाढली म्हणून एक मोळी कमी धरली होती. गावातल्या लोकांनी पुढे पावसाळ्यापर्यंत तो काळा दगड पाहायला गर्दी केली. वाडगा उचलायचा, दगडाला हात लावायचा, वाडगा परत ठेवायचा. आजी प्रत्येकाला दटावायची की माझ्या मुलाच्या जागेवर बसू नका.

सक-गु जर्मनीहून परतला तो भर उन्हाळ्यात, वर्षातल्या सगळ्यांत उकाड्याच्या दिवसांत. जमिनीखाली अर्ध्या चड्डीवर तीन वर्षं घाम गाळलेल्या त्या माणसाला उबेचं नावही नको होतं. आईने झाकण काढून पुढे केलेला वाडगा त्याने बाजूला सारला आणि कुट्टूच्या पिठाच्या गार शेवया मागितल्या. रात्री तो बाहेरच्या लाकडी ओट्यावर झोपला. थंडी पडायच्या आत त्याने दोघींना वोंजू शहरात नेलं. सुत्गोलच्या त्या खोलीत तोफूवाली पुढे बटाटे साठवू लागली, आणि त्या चुलीवर सोयाबीन उकडलं की उबेने बटाट्यांना कोंब फुटतात म्हणून तिने मेंगला बोलावून चूल बुजवून घेतली.